खांद्यावरचा वेताळ, ७५ मिमी: परभणीतल्या एका माडीवरच्या कामाच्या नोंदी

परभणीत माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. दर रविवारी दुपारी त्याच्या माडीवर आम्ही सहाजण बसतो आणि भुतं, राक्षस, व्याल, शरभ असल्या बोटभर उंचीच्या मूर्ती घडवून रंगवतो. आमच्यात दातांचे डॉक्टर आहेत, पार्लर चालवणाऱ्या ताई आहेत, संस्कृत शिकवून निवृत्त झालेले सर आहेत. इंजिनिअरिंगची दोन पोरं आहेत, त्यातला एक माझा भाचा. आजवर सुटे पुतळे केले होते. एक अख्खा प्रसंग पहिल्यांदाच करायला घेतला. व्हिडिओ बघून शिकलेलं निम्मं आपल्या हवेत चालत नाही, म्हणून ह्या नोंदी. जे बिघडलं तेही लिहिलंय.

१५ डिसेंबर

विषय ठरला. राजा, त्याच्या खांद्यावर प्रेत, प्रेतात वेताळ. ही गोष्ट सगळ्यांना विक्रमाची म्हणून माहीत. पण सरांनी सांगितलं की सोमदेवाच्या कथासरित्सागरात राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे, विक्रमसेनाचा मुलगा, आणि त्याची राजधानी गोदावरीकाठचं प्रतिष्ठान. म्हणजे आपलं पैठण. सोमदेव ११व्या शतकातला काश्मीरचा माणूस, आणि गोष्ट सांगतोय मराठवाड्यातली. हे ऐकल्यावर ड्रॅगनचा बेत कुणी पुन्हा काढलाच नाही.

राजाची उंची ७५ मिमी, तळ ३० बाय २२ सेंटीमीटर. राजा कॉम्प्युटरवर घडवून रेझिन प्रिंटरवर काढायचा (रेझिन म्हणजे उजेडानं कडक होणारं द्रव प्लास्टिक, मशीन त्याचा थरावर थर चढवतं), वेताळ हातानं करायचा. दोन्ही एकाच पद्धतीनं करा असं डॉक्टर म्हणत होते. आम्ही ऐकलं नाही. पुढं त्याची किंमत मोजली.

२२ डिसेंबर

वेताळाचा सांगाडा वाकवला. तार फुकट, जळालेल्या पंपाच्या मोटारीतली. मणक्याला १६ गेज, बोटांना २२ गेज.

चूक: मोटारीच्या तारेवर वॉर्निश असतं, त्यावर एपॉक्सी क्ले (दोन भाग मळले की आपोआप कडक होणारी माती) धरत नाही. छातीवर पहिला थर चढवला आणि वाळल्यावर तो तारेवर बांगडीसारखा फिरायला लागला. वीस वर्षं हीच तार हाताळतोय, तरी डोक्यात आलं नाही. सगळं फोडलं, तार पॉलिश पेपरनं खरवडली, वरून बारीक तारेचे वेढे दिले. आता घट्ट आहे. दोन तास वाया.

२९ डिसेंबर

प्रिंटर भाच्यानं सेकंडहँड घेतलाय, ९,५०० रुपयांना. सकाळी सातला प्रिंट लावला. माडीवर ९ अंश. परभणीची थंडी बाहेरच्याला सांगून पटत नाही. गार रेझिन दाट होतं, ते वाहत नाही. साडेपाच तासांनी प्लेट वर आली ती कोरी, आणि राजाची पावलं टाकीच्या तळाच्या पारदर्शक फिल्मला चिकटून बसलेली. फिल्म गेली, ९०० रुपये.

उद्या येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, म्हणून दोघं गावाकडं निघून गेले. मी टाकी पुसत बसलो.

५ जानेवारी

उपाय केला. रेझिनची बाटली अर्धा तास कोमट पाण्यात उभी केली. प्रिंटरला मोठं खोकं घातलं, आत गरम पाण्याची पिशवी ठेवली आणि खोक्यावर आईची गोधडी टाकली. पंख्याची मागची बाजू उघडी ठेवायची, नाहीतर मशीन तापतं.

पहिल्या प्रयत्नात साडेतीन तासांनी लाईट गेली. प्रिंट मध्येच थांबला की तो पुन्हा जोडत नाही, फेकूनच द्यावा लागतो. दुसऱ्यांदा इन्व्हर्टरवर लावला आणि राजा निघाला. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये धुतला, गच्चीवर पंधरा मिनिटं ऊन दाखवलं, कडक झाला. रेझिन वाचावं म्हणून भाच्यानं आतून पोकळ ठेवलाय, भिंत २ मिमीची. वजन २६ ग्रॅम. टाळ्या वाजल्या.

मग सरांनी चष्मा लावून विचारलं, "ह्यानं बूट का घातलेत?"

खरंच. फुकट मिळालेल्या एका युरोपी सरदाराच्या मॉडेलवर भाच्यानं डोकं बदललं होतं. गुडघ्यापर्यंत बूट, कमरेला बक्कल. पैठणच्या राजाला!

१९ जानेवारी

बूट काढायचे तर खाली काय दाखवायचं, ते बघायला तेरला जाऊन आलो. धाराशिव जिल्ह्यातलं तेर म्हणजे जुनं तगर. तिथल्या रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयात सातवाहन काळातल्या मातीच्या छोट्या मूर्ती आहेत. आमच्यासारख्या माणसांनी एकदा जाऊन बघाव्यातच. पुढचा भाग एका साच्यात, मागचा दुसऱ्यात, मग दोन्ही जोडायचे. पोरं काचेला नाक लावून जोडाची रेघ शोधत होती. आम्ही दर रविवारी ज्या रेघेला शिव्या देत घासतो, ती दोन हजार वर्षांपूर्वीही कुणीतरी घासतच असणार.

अजिंठ्याच्या १०व्या लेणीतल्या जुन्या चित्रांचे फोटो सरांकडं होते. त्यांवरून पोशाख ठरवला. समोर गाठ असलेलं पागोटं, उघडी छाती, गळ्यात जाड हार, कमरेला धोतर, खांद्यावर उपरणं. हार मात्र मी काढायला लावला. रात्री मसणवटीत जाणारा माणूस दागिने मिरवत जाणार नाही. सरांना पटलं नाही, पण मतदानात ते पडले.

प्रिंट नवा काढायचा नाही असं ठरलं. बूट हातकरवतीनं कापून पावलं क्लेची केली, धोतराच्या निऱ्या क्लेच्याच. नवा प्रिंट २०० रुपयांत झाला असता. हे काम नऊ तास खाऊन बसलं.

२ फेब्रुवारी

वेताळाची कातडी. प्रेत वाळलेलं हवं, फुगलेलं नको. वेरूळच्या १४व्या लेणीत सप्तमातृकांशेजारी हाडांचा सापळा झालेला काल नावाचा देव आहे, त्याच्या फासळ्या आणि खपाटीला गेलेलं पोट नजरेपुढं ठेवलं.

हत्यारं: डॉक्टरांची दात कोरायची जुनी हत्यारं उत्तम, पण फासळ्यांमधल्या खाचेला बाभळीच्या काट्यासारखं काही नाही. टोक बोथट झालं की दुसरा काटा. क्ले काट्याला चिकटू नये म्हणून टाल्कम पावडर. पाणी जास्त लावलं की वरचा थर चिखलासारखा होतो. माझ्या पहिल्या डाव्या हाताचं तेच झालं. तो हात आता खिडकीत काट्यांचा स्टँड आहे.

संध्याकाळी वेताळ राजाच्या खांद्यावर सुपरग्लूनं चिकटवला. फोटो काढायला मागं सरकलो आणि तो खाली. भाचा म्हणाला, "मामा, गेला परत झाडावर." गोष्टीत राजा बोलला की वेताळ निसटून झाडावर जातो, तसं. त्यानं भिंतीवर खडूनं एक रेघ मारली.

१६ फेब्रुवारी

रेघा तीन झाल्या. सोनाराच्या काट्यावर वजन केलं तेव्हा कळलं. वेताळ भरीव क्लेचा, ४१ ग्रॅम. राजा पोकळ, २६ ग्रॅम. दीडपट ओझं नुसत्या ग्लूवर, तेही रेझिनच्या गुळगुळीत खांद्यावर. सुपरग्लू ताणाला बरा, झटक्याला काचेसारखा तुटतो.

आता खिळा घालायचा. १ मिमीचं हातड्रिल घेऊन राजाच्या खांद्यात आणि वेताळाच्या पोटात भोकं. दोन्ही भोकं एका रेषेत यायला ही युक्ती: एका भोकाच्या तोंडाशी ओल्या रंगाचा ठिपका ठेवायचा, दोन्ही तुकडे टेकवायचे, ठिपका उमटेल तिथं दुसरं भोक पाडायचं. खिळ्याला तांब्याची तार वापरली. ती वाकली. रेघ चौथी. मग पेपर क्लिपची स्टीलची तार कापून घातली, एक खांद्यात, एक कमरेत, आणि ग्लूऐवजी दोन भागांचं एपॉक्सी. आता मूर्ती उलटी धरून हलवली तरी वेताळ हलत नाही. पण सगळं मिळून पाठीवर कोलमडतं. म्हणून राजाच्या दोन्ही टाचांतून तळाच्या लाकडात तीन सेंटीमीटर तार उतरवली.

त्याच दिवशी झाड. ताईंनी महिनाभर घरी बसून वड केला होता. तारेचा, सुतळीच्या पारंब्यांचा, अतिशय सुंदर. सर आले, बघितलं आणि गप्प बसले. ते गप्प बसले की आम्हाला धडकी भरते. मूळ गोष्टीत वडाखाली बसलाय तो क्षान्तिशील, राजाला कामाला लावणारा भिक्षू. प्रेत लटकतंय ते दुसऱ्या झाडावर, शिंशपेच्या. म्हणजे शिसव. शिसवाला पारंब्या नसतात. ताई म्हणाल्या, "सर, तुम्ही हे महिन्यापूर्वी का नाही बोललात?" सर म्हणाले, "तुम्ही झाड करताय हे मला कुणी सांगितलंच नाही."

वड तळाच्या डाव्या टोकाला गेला, त्याखाली क्षान्तिशील मंडल काढत बसलेला. शिसवासाठी तुराटीचं बूड उपटून आणलं, फांद्या आयत्याच मिळाल्या. तुरीची काडी आतून पोकळ आणि किडकी निघू शकते. आधी दोन दिवस कडक उन्हात टाका.

२ मार्च

जमीन. परदेशी व्हिडिओत भेगाळलेल्या जमिनीसाठी डबीतली पेस्ट मिळते, आठशे-हजाराला. आपल्याकडं काळी माती आहे, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा ती स्वतःच पाडते. शेतातून पाटीभर आणली, चाळली, फेविकॉलमध्ये कालवून थापली. एकही भेग नाही. गोंद मातीला आक्रसू देत नाही.

दुसऱ्यांदा नुसत्या पाण्यात श्रीखंडाएवढी घट्ट कालवली, ६ मिमी थर. दुपारपर्यंत सुरेख भेगा, पण कडा लाकडापासून सुटून वर वळल्या, पापडासारख्या. तिसऱ्यांदा आधी लाकडावर गोंदाचा पातळ हात, त्यावर मूठभर रेती, ती वाळल्यावर माती. आता पकड बसली. भेगा पडून गेल्यावर वरून ड्रॉपरनं एकास चार पाणी घातलेला फेविकॉल सोडला, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब. साबणाशिवाय पाणी मातीवर गोळी होऊन बसतं. थर पातळ ठेवला तर भेगा बारीक येतात, आणि ७५ मिमीच्या माणसाच्या पायाखाली बारीकच हव्यात.

प्रसंगात मसणातली चिताही आहे, तिच्याशेजारी खरी राख टाकली होती. गोंद लागताच ती शेणासारखी काळपट झाली. राख शेवटी रंगानंच दाखवायची.

२३ मार्च

प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. गाड्यांच्या पेंटच्या दुकानातला राखाडी स्प्रे, ३२० रुपये. दुपारी तीनला गच्चीवर मारला. ३९ अंश, कोरडं वारं. फवारा मूर्तीपर्यंत पोचेस्तोवर हवेतच वाळला आणि राजाच्या छातीवर रवा सांडल्यासारखा बसला. वेताळाच्या फासळ्यांवरही तेच. ८०० आणि मग १००० नंबरच्या वॉटर पेपरनं घासलं. फासळ्यांतलं बाभळीच्या काट्याचं निम्मं काम त्यात गेलं. चार फासळ्या पुन्हा कोरल्या.

दुसरा हात सकाळी सहाला, वारा पडलेला असताना, डबा वीतभर अंतरावर धरून. मलईसारखा बसला. उन्हाळ्यात इथं स्प्रेचं काम सूर्य वर यायच्या आत, नाहीतर करूच नका.

घासताना वेताळ एकदा सुटला. खिळा शाबूत, एपॉक्सी नीट मिसळलं गेलं नव्हतं. रेघ पाचवी.

६ एप्रिल

रंग सुरू. इथल्या दुकानातले साधे ॲक्रिलिक मोठ्या भागांना ठीक. चेहरा आणि कातडीसाठी परदेशी मॉडेल रंगाच्या चार बाटल्या मागवल्या, १७ मिलीची एक ३६० रुपयांना. साध्या रंगात दाणा जाड असतो, पातळ केला की तो सुटा दिसतो. धोतरावर खपतो, गालावर नाही.

दोन गोष्टी इथल्याच.

पहिली, पाणी. माडीवर बोअरचं पाणी. काळपट रंग पातळ करून खाचांत सोडला, वाळल्यावर प्रत्येक फासळीच्या कडेनं पांढरी रेघ. बादलीला बसतो तोच क्षार. दोन आठवडे आम्ही रंगाला शिव्या देत होतो. बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणलं, लिटर २५ रुपये. पांढरं यायचं बंद.

दुसरी, रंग वाळणं. पंख्याखाली पॅलेटवरचा रंग दोन मिनिटांत कातडी धरतो. ओली पॅलेट लागतेच. मिठाईचा प्लास्टिकचा डबा, तळाला सुती रुमाल ओला करून, वर बटर पेपर. स्टेशनरीतला ट्रेसिंगचा बटर पेपर पाणी पिऊन चुरगळतो. किराणा दुकानातला, केक भाजायचा घ्या. चार दिवसांनी डब्याला कुबट वास यायला लागला, तेव्हा खरवडलेल्या तांब्याच्या तारेचं एक वेटोळं रुमालाखाली ठेवलं. वास कमी झाला.

ब्रशसाठी ताईंचं नेल-आर्टचं पाकीट, १५० रुपयांत बारीक टोकाचे पाच ब्रश. महिन्याभरात टोक फुटतं, पण डोळे काढायला तेवढे दिवस पुरे.

२० एप्रिल

ह्या प्रकल्पातली सगळ्यात मोठी चूक. ती हाताची नव्हती.

ताईंनी तीन रविवार आणि मधल्या कितीतरी रात्री मिळून अकरा तास राजावर चांदणं चढवलं होतं. खांद्यावर, पागोट्यावर, वेताळाच्या नितंबावर फिकट निळ्याचे थरावर थर. मी आजवर बघितलेलं त्यांचं सर्वात चांगलं काम. सर पुन्हा गप्प.

मी म्हटलं, "सर, आता बोला बरं. आत्ताच बोला."

"तिथी कोणती आहे गोष्टीत?"

कुणालाच सांगता येईना.

"कृष्ण चतुर्दशी. भिक्षूनं राजाला त्याच रात्री बोलावलंय. अमावस्येच्या आदली रात्र. चंद्र उगवतो पहाटे, सूर्याच्या जेमतेम आधी, आणि तोही नखाएवढा. हे चांदणं कुठून आणलंत?"

कृष्ण चतुर्दशी म्हणजे महिन्याची शिवरात्र. माझी आई दर शिवरात्रीला उपास करते. त्या रात्री अंधार असतो हे मी लहानपणापासून बघतोय. आणि आमच्या सहाजणांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही, कारण व्हिडिओतला प्रत्येकजण रात्र म्हटलं की निळं चांदणं मारतो.

ताई काही बोलल्या नाहीत. ब्रश धुतला, पर्स उचलली, जिना उतरल्या. पुढचे तीन रविवार आल्या नाहीत. मी घरी जाऊन आलो, तेव्हा चहा दिला आणि विषय काढू दिला नाही.

४ मे

त्यात हे. गुरुवारी दुकान उघडायला आलो तर राजाच्या कमरेवर रंग फुगलेला, पिकलेल्या फोडासारखा. टाचणी लावली, आतून पिवळट चिकट पाणी आलं. रविवारपर्यंत फोडाखालून बेंबीपासून पाठीपर्यंत भेग गेली.

कारण जानेवारीतलं. पोकळ मूर्तीच्या पोटात कडक न झालेलं रेझिन अडकून राहतं. ते बाहेर यायला खाली भोकं ठेवावी लागतात, ती भाच्यानं ठेवलीच नव्हती. बूट कापले तेव्हा तळातून वाट होती, पण आम्हीच क्लेची पावलं लावून ती बुजवली. थंडीत गप्प बसलं. माडीवर ४२ अंश झाल्यावर आत दाब वाढला आणि २ मिमीची भिंत फाटली. चार महिने राजाच्या पोटात ते होतं आणि आम्ही वरून रंग देत होतो.

दुरुस्ती अशी केली. दोन्ही टाचांखाली आणि पाठीवर उपरण्याच्या घडीत अशी तीन भोकं, २ मिमीची. वरच्या भोकातून इंजेक्शनच्या सिरिंजनं अल्कोहोल सोडायचं, खालून चिकट पाणी डब्यात घ्यायचं. सात वेळा, अल्कोहोल स्वच्छ येईपर्यंत. एक दिवस वाळू द्यायचं. मग नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च भोकाला लावून आतल्या बाजूला उजेड, प्रत्येक भोकातून दहा मिनिटं. भेग एपॉक्सीनं भरली, भोकं उघडीच ठेवली.

हातमोजे घालाच. मी पहिल्यांदा उघड्या हातानं केलं, मनगटावर आठ दिवस पुरळ होतं. डब्यातलं घाण अल्कोहोल मोरीत ओतू नका. उथळ भांड्यात उन्हाला ठेवा, गाळ कडक झाला की मगच कचऱ्यात.

ह्या कामासाठी वेताळ मुद्दाम उतरवला. भाचा रेघ मारायला गेला. उतरवलेला धरायचा नाही, पडलेलाच धरायचा, असा अर्धा तास वाद झाला. धरला नाही.

१८ मे

ताई आल्या. हातात दिवाळीतली बॅटरीची पणती. "उजेड चितेचा आहे ना? मग आधी चिता पेटवून बघू."

खिडक्यांना पोती लावून माडी अंधारी केली. चितेच्या जागी पणती ठेवली, राजा त्याच्या जागी. मोबाईलवर चारी बाजूंनी फोटो काढून प्रिंट मारून आणले. प्रकाश खालून येतोय. म्हणजे हनुवटीची खालची बाजू उजळ, नाकाचा शेंडा खालून, भुवया अंधारात. आजवर आम्ही वरच्या कडा उजळत आलो, ते सगळं उलटं. वेताळ तर राजाच्या पाठीवर डोकं खाली करून लोंबतोय, त्याचं टाळू चितेला सगळ्यात जवळ. फोटो नसता तर आम्ही हमखास चुकलो असतो.

निळा रंग काढला नाही. त्यावरून गडद तपकिरी अगदी पाण्यासारखा पातळ करून सहा-सात हात दिले, दर हाताला वाळू देऊन. निळं पूर्ण मेलं नाही, पाठीमागच्या अंधारात थंड छटा म्हणून उरलं. नारिंगी त्यामुळं जास्तच पेटल्यासारखं दिसतं. हे ठरवून केलेलं नाही. चितेकडच्या बाजूला क्रम असा: लांब विटकरी, मग नारिंगी, मग पिवळा, आणि पिवळा अगदी थोड्या जागी. पांढरा नाहीच. भाच्यानं मी नसताना पांढऱ्या कडा मारल्या, राजा ओला दिसायला लागला. पुसल्या.

वेताळाचे डोळे ताईंनी एका दमात काढले. बाहुली डोळ्याच्या मधोमध न ठेवता कोपऱ्यात, राजाच्या कानाकडं. पुढची गोष्ट सांगायच्या बेतात आहे असं वाटतं. अकरा तासांपेक्षा हे चार मिनिटांचं काम भारी आहे असं मी म्हटलं. ते म्हणायला नको होतं.

पणतीतला लुकलुकणारा दिवा काढून चितेत बसवला, वायर तळातून. धुरासाठी कापूस पिंजून लावला. जत्रेतल्या म्हातारीच्या केसांसारखा दिसला. काढून टाकला, धूर नाही.

८ जून

पहिला पाऊस शुक्रवारी. रविवारी मॅट वॉर्निश मारलं. उन्हाळ्यातली चूक लक्षात होती म्हणून सकाळी सहाला. आता सकाळी सहाला हवा ओली असते. दहा मिनिटांत सगळ्यावर पिठूळ पांढरं धुकं. क्षान्तिशीलाला शोभलं, बाकी कुणाला नाही.

घाबरून घासू नका. दुपारी ऊन पडल्यावर वरून ग्लॉस वॉर्निशचा एक हात दिला, धुकं बरंचसं विरलं. मग मॅट ब्रशनं दिलं. वेताळाच्या काखेत थोडं राहिलंय, ते राहू दिलं.

२२ जून

वर ठेवलेली ॲक्रिलिकची पेटी उघडली तर जमिनीवर पांढरी लव. बुरशी. शेतातली माती, तीत कुजलेली मुळं, वर गोंद, झाकलेली पेटी आणि पावसाळी हवा. आणखी काय लागतं? माती वापरण्याआधी लोखंडी तव्यावर तासभर भाजून घ्यायला हवी होती. आता उरलेली भाजली. घरचा तवा घेतला, त्याबद्दल स्वतंत्र बोलणी खाल्ली.

लागलेली बुरशी ब्रशनं झाडली, अल्कोहोल शिंपडलं, दोन दिवस पेटी उघडी ठेवली. अल्कोहोलनं ॲक्रिलिक रंग सुटतो, म्हणून फक्त उघड्या मातीवर, ड्रॉपरनं. पेटीला मागं चार भोकं पाडली.

२९ जून

हिशेब. प्रिंटर सोडून ७,८४० रुपये. त्यातले रेझिन आणि अल्कोहोलचे २,९००, रंगांचे २,३००, पेटीचे १,१००, बाकी किरकोळ. वाया गेलेल्यांत फिल्म, दोन प्रिंट आणि पहिलं प्रायमर धरून दीड हजाराच्या आसपास. तास कुणी नीट लिहिले नाहीत. माझ्या वहीत माझेच ९६ आहेत. त्यातले तीसेक चुका निस्तरण्यात गेले. ताईंचे माझ्याहून जास्त असणार, त्या सांगत नाहीत.

सगळं पुन्हा करायचं झालं तर राजाही हातानंच करीन. डॉक्टर बरोबर होते.

६ जुलै

वाचनालयाच्या हॉलमध्ये दोन दिवस ठेवायला नेलं. आधी गणपतीच्या देखाव्यात ठेवायचा विचार होता, पण मंडळातले एक अण्णा म्हणाले, "बाप्पासमोर मसणवटा मांडतो का रे?" बरोबरच आहे.

पेटी मांडीवर घेऊन भाचा स्कूटीवर मागं बसला. स्टेशन रोडला खड्डा लागला. हॉलमध्ये झाकण काढलं तेव्हा वेताळ शिसवाच्या बुंध्याशी पडलेला, तोंड झाडाकडं करून. खिळे सरळ आहेत, एपॉक्सीचा टवका राजाच्या खांद्यावरच राहिलाय. वेताळाच्या पोटातलं भोक मेमध्ये परत लावताना मी खरवडून घेतलं नव्हतं, रंगावरच एपॉक्सी बसवलं.

डॉक्टरांनी तिथंच काटा काढून भोक साफ केलं. एपॉक्सी घट्ट व्हायला अर्धा तास लागतो, तोवर पहिली पोरं जिन्यात आलेली. सरांनी वेताळ दोन बोटांनी खांद्यावर दाबून धरला आणि पोरांना गोष्ट सांगायला सुरुवात केली.

माडीवर परत आल्यावर भाच्यानं सहावी रेघ मारली.